तुम्ही विचारलंत म्हणून: काडतुसं घरी भरायची का?

रेंजवर नवा माणूस आला, चार-दोन शूटर लांबच्या लोखंडी पाटीवर नेम धरताना बघितले, ती पाटी वाजल्याचा आवाज दोन सेकंदांहून जास्त उशिरा कानावर आला, की त्याचे डोळे चमकतात. मग प्रश्न येतो, आणि तो नेहमी जोडीनंच येतो. रायफल कोणती घेऊ? आणि काडतुसं घरी भरायला, म्हणजे झाडलेल्या रिकाम्या पुंगळीत नवी बंदुकीची दारू आणि गोळी बसवायला, कधीपासून लागू? दुसऱ्या प्रश्नामागे एक समजूत असते की चांगले शूटर स्वतःची काडतुसं स्वतः भरतात, म्हणून ते चांगले आहेत.

मी स्वतः भरतो, आणि ते काम मला मनापासून आवडतं. तरी माझं उत्तर असं आहे: भरणं एक वर्ष लांबवा, आणि पहिली रायफल .22 ची, म्हणजे 0.22 इंच व्यासाच्या बारीक गोळीची, घ्या.

आधी खेळ समजून घ्या. प्रिसिजन रायफल म्हणजे टेबलावर रायफल ठेवून निवांत एकाच भोकात पाच गोळ्या घालणं नव्हे. तो बेंचरेस्ट, वेगळा आणि फार सुंदर खेळ आहे. आपल्या खेळात घड्याळ लावलेलं असतं. एका स्टेजला, म्हणजे मॅचमधल्या एका टप्प्याला, बहुधा 90 ते 120 सेकंद, तेवढ्यात आठ-दहा गोळ्या. कधी पोटावर झोपून, कधी लाकडी बॅरिकेडच्या तीन वेगवेगळ्या उंचींवरून, कधी उतरत्या छपरावरून, कधी टायरवर रायफल टेकवून. अमेरिकेत 2012 मध्ये प्रिसिजन रायफल सिरीज सुरू झाली आणि या खेळाला आजचं रूप आलं. तिच्या नियमात .30 इंचापेक्षा मोठी गोळी चालत नाही आणि वेग सेकंदाला 3200 फुटांच्या वर न्यायचा नाही. म्हणजे सगळे जण साधारण सारख्याच हत्यारानं लढतात. फरक पडतो तो माणसानं.

आता थोडा हिशेब, कारण माझं उत्तर त्यावरच उभं आहे. 6.5 क्रीडमूर हे काडतूस 2007 मध्ये बाजारात आलं आणि नवे शूटर आजही बहुतेक त्याचंच नाव घेऊन येतात, म्हणून तेच धरू. समजा तुमचं एक काडतूस सरासरीपेक्षा सेकंदाला 30 फुटांनी हळू निघालं. कारखान्यातल्या चांगल्या मॅच (स्पर्धेच्या दर्जाच्या) काडतुसांत एवढा फरक अधूनमधून निघतो. 1000 मीटरवर ती गोळी 20 सेंटिमीटरच्या आसपास खाली लागेल. दुसरीकडे ताशी 10 मैलांचा आडवा वारा त्याच गोळीला तेवढ्या अंतरावर सुमारे दोन मीटर ढकलतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज ताशी फक्त 2 मैलांनी चुकला तरी गोळी 40 सेंटिमीटर बाजूला. पाटीची रुंदी बऱ्याचदा 60 सेंटिमीटरच्या आतबाहेर असते. तुम्ही मधोमध नेम धरलात तरी कडेपर्यंत 30 सेंटिमीटरच हातात आहेत. नव्या शूटरला 2 मैलांचा फरक ओळखता येत नाही. मलाही पहिली दोन वर्षं येत नव्हता. मग घरी काडतुसं भरायच्या प्रेससमोर रात्री घालवून ते 20 सेंटिमीटर कमी करायचे, आणि 40 तसेच सोडायचे?

म्हणून .22. तिची मॅचची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू जाते, त्यामुळे 100 मीटरवरच वारा तिला नीट दिसेल इतका हलवतो. मोठ्या रायफलीला जे धडे शिकवायला 700-800 मीटरची रेंज लागते, ते ही 150-200 मीटरवर शिकवते. धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे चाप ओढताना मनगट वळलं, गाल दस्त्यावरून उचलला, तर चूक लपत नाही. शिवाय 6.5 ची नळी मॅचच्या दर्जाची अचूकता दोन-तीन हजार गोळ्यांपर्यंत देते. शिकण्यातल्या चुकांवर ती झिजवू नका.

स्कोप मात्र पहिल्यापासून मिलचा घ्या (मिल हे कोनाचं माप), रेटिकलही (आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) मिलची आणि नॉबही (नेम वर-खाली करायची चकती) मिलचा. एक मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर, 1000 मीटरवर एक मीटर. नॉबची एक टिकटिक म्हणजे दशांश मिल. मग पाटीच्या बाजूला धूळ उडालेली दिसली की रेटिकलवरच अंतर मोजायचं आणि तेवढंच धरायचं. डोक्यात गुणाकार करायला वेळच नसतो.

आणि वही ठेवा. माझ्या पहिल्या मॅचमध्ये एका स्टेजला 800 मीटरसाठी मी 6.9 मिल चढवले होते. पुढची स्टेज 350 मीटरची. तिला 1.8 हवे होते, आणि मी नॉब खाली आणलाच नाही. दहाच्या दहा गोळ्या पाटीच्या जवळजवळ पावणेदोन मीटर वरून गेल्या. मागच्या मातीत इतक्या उंच कोणी बघतही नव्हतं, त्यामुळे धूळ कुठे उडाली हे कुणालाच सांगता येईना. त्या दिवशी माझी काडतुसं उत्तम होती. तेव्हापासून स्टेज संपली, बोल्ट उघडा, मॅगझिन बाहेर, रेंज ऑफिसरनं चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) रिकामं बघितलं, की जागेवरून उठायच्या आधी नॉब शून्यावर आणि वहीत खूण. दर वेळी.

वर्षभर हे केलंत आणि वहीतल्या चुका तुमच्या हाताच्या उरल्या नाहीत, मग भरण्याकडे या. आणि आलात की पूर्ण लक्ष देऊन या.

भरणं म्हणजे एकसारखेपणा. पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टोपी), दारू, गोळी हे चारच घटक, पण पन्नास काडतुसांत ते पन्नास वेळा सारखे बसले पाहिजेत. झाडलेली पुंगळी चेंबरच्या मापाला फुगलेली असते. तिला वंगण लावून डायमध्ये (मापाच्या साच्यात) दाबायचं, पण खांदा, म्हणजे तिचा निमुळता होणारा भाग, 0.002 इंच मागे जाईल एवढंच. जास्त दाबलंत तर दर खेपेला पितळ ताणलं जातं आणि पुंगळी तळाजवळ आतून पातळ होते. यासाठी मी एक बारीक तार टोकाला वाकवून ठेवली आहे. पुंगळीच्या तोंडातून ती आत घालायची, तळाशी टेकवायची आणि हळूच वर ओढायची. टोक कुठे खाचेत अडखळलं की ती पुंगळी पक्कडीनं चेपून भंगारात. बाहेरून कधीकधी तिथे एक चकचकीत रेघ दिसते, पण बोटांना ती आधी कळते.

दारूचं वजन ग्रेनमध्ये करतात. पौंडात 7000 ग्रेन. आपण दशांश ग्रेनपर्यंत तोलतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, काडीसारख्या दारूचे जेमतेम चार-पाच दाणे. एकदा तोलताना माझा काटा एकाच पुंगळीच्या दारूला दोन वेळा वेगळं वजन दाखवू लागला. मी काटा पुसला, पुन्हा शून्य केला, तरी तेच. मग वर बघितलं तर पंखा सगळ्यात हळू वेगावर फिरत होता. ती झुळूक तागडीला पुरेशी होती. ट्रेमध्ये तोपर्यंत 31 पुंगळ्या भरून झाल्या होत्या. त्यांतली सगळी दारू डब्यात परत ओतली आणि पंखा बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली.

किती दारू घालता, हाही प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मी कुणालाच देत नाही. माझ्या नळीत जो आकडा शांत चालतो तो तुमच्या नळीत दाबाची मर्यादा ओलांडू शकतो. दारूच्या किंवा गोळीच्या कंपनीचं छापील मॅन्युअल घ्या, त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढत जा, बोल्ट उचलायला जड लागला किंवा प्रायमर सपाट झाला की थांबा आणि खाली या. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. हे मी फार कळकळीनं सांगतो, कारण 4831 हाच आकडा आयएमआर या ब्रँडच्या दारूच्या डब्यावरही आहे आणि हॉजडन या ब्रँडच्याही, आणि दोन्ही जळतात वेगवेगळ्या वेगानं. भरताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कुणी हाक मारली तर हातातली पुंगळी रिकामी करूनच उठा. गोळी बसवण्याआधी ट्रेवर दिवा धरून सगळ्या पुंगळ्यांत एकदा डोकावा. दारूची पातळी एखादीत खाली-वर असेल तर ती लगेच दिसते. प्रायमर मूळ खोक्यातच राहू द्या, बाटलीत ओतू नका. काम झालं की हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, शिसं असतं.

यातलं काहीही विकत घेण्याआधी तुम्ही राहता तिथला कायदा वाचा. काही देशांत प्रायमर आणि दारू दुकानात सहज मिळते, काही ठिकाणी त्याला वेगळा परवाना लागतो, आणि काही ठिकाणी घरी भरणं हा गुन्हा आहे. तिथे कारखान्याची मॅच काडतुसं घ्या, एकाच लॉटची (एका खेपेत बनलेली) जमतील तेवढी. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे तुम्ही त्यानं फार काही गमावत नाही.

पहिल्या मॅचला रायफल नसेल तरी या. पाटीमागे कोणाची धूळ कुठे उडते हे सांगायला दुर्बिणीपाशी माणूस नेहमी कमी पडतो, आणि वारा शिकायला त्याहून चांगली जागा नाही. कान झाकायचे मफ माझ्या पेटीत एक जोड जास्त असतो.