सुई, ताप आणि काचेतले दोन दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तेही मे महिन्यात. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात पारा ४५च्या खाली यायचं नाव घेत नव्हता. रात्री आठला पाणी गेलं, भावानं गाडी काढली आणि आम्ही वर्ध्याच्या एका खासगी दवाखान्यात पोचलो. कळा न दुखण्याची सुई, म्हणजे एपिड्युरल, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळत नाही, म्हणून आधीच तिथं नाव घातलं होतं. आईला हे मुळीच पटलं नव्हतं. "आमी काय मेलो का कळा सोसून?"

दोन वाजता, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यावर भूलतज्ज्ञ आले. पाठ वाकवून बसायचं आणि कळ आली तरी हलायचं नाही, एवढंच काय ते अवघड. कमरेत बारीक नळी बसवून ती पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटवली. वीसेक मिनिटांत कळ नुसती पोटावर ताण येऊन गेल्यासारखी वाटू लागली. मी चक्क झोपले.

सकाळी सातला हुडहुडी भरून जाग आली. आईनं कपाळाला हात लावला. "काहून वं, तुयं आंग तं तव्यावानी तापलं!" आधी सगळ्यांनी उन्हाचं नाव घेतलं. नर्सनं काखेत थर्मामीटर लावलं, १०१. पोटावरच्या पट्ट्यात बाळाचे ठोके १७०च्या वर. एरवी ते ११० ते १६० असतात. मग सलाईन, पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक सगळं सुरू झालं. ताप मात्र जेमतेम अर्धा अंश हलला.

पावणेबाराला मुलगी झाली, नॉर्मलच. पण अंग सैल, रडणं उशिरा आणि बारीक. मास्क लावून थोडा ऑक्सिजन दिला आणि मला नुसती दाखवून काचेत नेली. संध्याकाळी व्हीलचेअरवरून गेले तेव्हा तिच्या हाताला पिवळ्या टोपीची सुई होती आणि हात हलू नये म्हणून खाली औषधाच्या खोक्याचा कापलेला तुकडा बांधलेला. त्यावर कुठल्याशा गोळ्यांचं अर्धं नाव दिसत होतं. तिचं बोट त्या अक्षरांवर टेकलेलं. मी तेवढंच बघत बसले.

अमरावतीहून सासूबाईंचा फोन, "सुई घेतली नसती तर हे झालं नसतं." राग आला, पण भूलतज्ज्ञांना विचारल्यावर कळलं की त्या अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. एपिड्युरल घेतलेल्या दर पाच जणींमागे साधारण एकीला कळांमध्ये ताप येतो. पहिलटकरीण असली आणि कळा लांबल्या की जास्त. बहुतेक वेळा तो जंतूंमुळे नसतो, शरीरातल्या दाहामुळे असतो. नेमका कसा, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण माझं पाणी जाऊन अकरा तास झाले होते. पिशवीत जंतुसंसर्ग झालाय की हा सुईचाच ताप, हे त्या घडीला ओळखायची खात्रीची खूण नसते, आणि संसर्ग सुटला तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून दोघींना अँटिबायोटिक, बाळाचं सीआरपी, म्हणजे अंगात दाह किती ते सांगणारी रक्ततपासणी, आणि रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू उगवतात का ते बघणं.

हे सगळं मला समजलं, पटलंही. पण सही घेतली तेव्हा कुणी तापाचा 'ता' काढला नव्हता, ही माझी तक्रार आहे. आधी माहीत असतं तर त्या सकाळी मी एवढी गर्भगळीत झाले नसते. सुई पुन्हा घेईन का? घेईन.

माझा ताप त्याच रात्री उतरला. दोन दिवस वाटीत चीक काढून द्यायचा, नर्स चमच्यानं पाजायची. अठ्ठेचाळीस तासांनी कल्चरमध्ये काही उगवलं नाही, सीआरपीही ठीक आला, अँटिबायोटिक थांबलं आणि पोरगी माझ्या कुशीत आली.

सातव्या दिवशी आशाताई घरी आल्या. बाळाच्या काखेत थर्मामीटर धरलं, ९९.८. माझ्या पोटात गोळाच आला. ताईंनी शांतपणे टोपी काढली, मोजे काढले, आजीनं गुंडाळलेली दोन दुपटी सोडली. "माय, बाहेर ४५ हाय, अन् हिले स्वेटर?" अर्ध्या तासानं पुन्हा बघितलं, ९८.४.

आजीनं टोपी तेवढी हातातून सोडली नाही.