तुम्ही विचारलंत म्हणून: मिलिटरीची गाडी ओळखता कशी?

माझ्याकडची जुनी मिलिटरीची गाडी जोंगा नाही, निसान वन टन आहे. एवढ्यावर भागत नाही हे मला माहीत आहे, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "काय भो, आम्हालाही एखादी पाहून द्या ना. खरी मिलिटरीची आहे का, तेवढं फक्त ओळखून द्या." लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या आवारात, केळीचा ट्रक भरताना, रात्री दहाला फोनवर. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जोंगा आणि वन टन एकाच घरच्या. दोघींत निसानचं सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन, दोघीही जबलपूरला बनलेल्या. जोंगा आखूड, जीपच्या वळणाची. वन टन लांब, मागे हौदा, वर ताडपत्रीच्या कमानी. भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे म्हणून गाड्या तिथूनच निघतात, हा समज मात्र सोडा. वरणगावला काडतुसं होतात. गाडी लष्कराच्या डेपोत नापास ठरते, लॉट लिलावात जातो, तो व्यापारी उचलतो, आणि सावद्या-फैजपूरपर्यंत येईस्तोवर तिला दोन-तीन मालक आणि एक नवीन कहाणी चिकटलेली असते. कारगिलला होती असं मी इतक्या गाड्यांबद्दल ऐकलंय की तिथे सैन्याला चालायला जागा उरली होती की नाही, शंका येते.

हिरव्या रंगावर जाऊ नका. ऑलिव्ह ग्रीन रंग लष्कराशिवाय कुणी गाडीला द्यायचा नाही, असा मोटार वाहन नियमच आहे. माझी करडी आहे ती त्यामुळे. विकायला उभी असलेली गाडी ताज्या हिरव्या रंगात चमकत असेल, तर तो रंग तुमच्यासाठीच मारलाय असं समजा. दरवाजाच्या बिजागरीखाली ब्लेडने खरवडून बघा. लष्करात वर्षानुवर्षं ब्रशने रंगावर रंग चढतो. हिरव्याखाली हिरवा, त्याच्याखाली पुन्हा हिरवा, असा जाड पापुद्रा निघतो. लष्करी नंबरातला वर तोंड केलेला बाण कुणीही रंगवतो. पण बाणापुढचे दोन आकडे गाडी लष्करात दाखल झाल्याच्या वर्षाचे असतात, हे रंगवणाऱ्याला माहीत असतंच असं नाही. जोंगा बनायची 1999 ला बंद झाली. बाणापुढे 05 लिहिलेली जोंगा मी या डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती विकली गेलेलीही पाहिली आहे.

हे सगळं वरवरचं. खरं काम चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नंबराचं. लिलावाच्या कागदावर, विक्रीच्या दाखल्यावर जो नंबर आहे तोच लोखंडावर ठोकलेला हवा. तो जुळला नाही तर पासिंगच्या वेळी तुमच्या हातात ताडपत्री उरेल.

आता त्या गाडीबद्दल. अर्ध्या लोकांना तेच विचारायचं असतं, फक्त तोंडावर विचारत नाहीत.

माझा मावसभाऊ. मोठा आहे, मी त्याला दादाच म्हणतो. त्याने यावलकडे एक वन टन बघितली, बयाणा देऊन टाकला आणि मग मला बोलावलं. "एकडाव पाह्य ना भो," एवढंच म्हणाला. गाडी गोठ्यामागे चिंचेखाली उभी होती. रंगाचे थर बरोबर. मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यावर, पांढरा रंग होता. रात्री दिवे बंद करून ताफा चालतो तेव्हा मागच्याला तेवढंच दिसत राहावं म्हणून तो देतात. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. दादा माझ्याकडे बघून हसला.

मी चाकाशी उकिडवा बसलो. डिझेलचा बोळा घेऊन चेसीची पट्टी पुसली, वर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले. बाकीचे एका रेषेत, सारख्या खोलीचे. शेवटचे दोन जरा वर सरकलेले आणि जास्त खोल, हाताने पंच ठोकल्यासारखे. त्या दोन आकड्यांभोवती पट्टी गुळगुळीत होती, ग्राइंडर फिरल्यावर होते तशी. बाकी सगळीकडे गंजाचे खड्डे. नंबर मात्र कागदाशी तंतोतंत जुळत होता.

दादाला बाजूला घेतलं आणि नको म्हणालो. तो म्हणाला, मिलिटरीच्या वर्कशॉपातच बदललं असेल. इंजिन बदलतात, हे मलाही माहीत आहे. चेसीचे दोन आकडे कशाला बदलतील? तो म्हणाला, "तुला आपल्यात दुसरी वन टन नको आहे, असं सांग." गाडीवाल्यासमोर म्हणाला. मावशी तिथेच चहाचे कप घेऊन उभी होती.

त्याने गाडी घेतली. तिचं पासिंग झालं, नंबर मिळाला. आज ती केळीच्या बागेतून खोडं ओढते, सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यातून आरामात वर चढते. माझी दोन पावसाळे गिअरबॉक्स उघडून पडली होती. मावशीच्या घरी मी जातो, दादा उठून मागच्या दाराने मळ्यात जातो.

तर मी चूक होतो का? आकडे मी पाहिले, तो कागद अजून माझ्या खणात आहे. बरोबर होतो का? गाडी तर चालतेय. आणि दादा म्हणाला त्यात काहीच नव्हतं असंही नाही. पंचक्रोशीत एकच वन टन असणं मला आवडायचं. पूर्वीचा मी म्हणाला असता, आवडण्याचा आणि पेन्सिलीच्या छापाचा काय संबंध? आताचा मी तेवढ्या ठामपणे म्हणत नाही. पण तीच पट्टी उद्या पुसायला दिली तरी तोंडून नकोच निघेल.

परवा रावेरचा एक मुलगा आला. दादानेच पाठवलं होतं, "गाडी त्याला दाखव, पण त्याचं ऐकू नको" असं सांगून. गेलो, पट्टी पुसली, छाप काढला. सगळे आकडे सरळ, कागदाशी जुळणारे, गंजासकट. तरी नको म्हणालो. लिटरला चार-पाच किलोमीटर देते, आणि पोराचं अजून लग्न व्हायचंय.