मधले नाव आणि जर्मनीतली नोकरी : माझा अनुभव

मार्च २०२५ मध्ये जर्मनीतील एका राज्याच्या मान्यता कार्यालयाकडून, म्हणजे परदेशी परिचारिकेचे शिक्षण तेथील शिक्षणाच्या तोडीचे आहे की नाही हे ठरवणाऱ्या कार्यालयाकडून, मला दीड पानी पत्र आले. अर्जदार महिलेचे आडनाव विवाहामुळे बदलले हे आम्ही समजू शकतो, परंतु तिच्या दोन नावांपैकी दुसरे नाव कोणत्या आदेशाने बदलले याचा पुरावा जोडलेला नाही, असा त्याचा आशय होता. मी ते तीन वेळा वाचले. जर्मन भाषेची बी वन पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालेली असल्याने भाषा समजत होती. माझी ही दोन नावे कोणती, तेवढे समजत नव्हते.

उलगडा व्हायला एक रात्र गेली. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते, माझी बी.एस्सी. नर्सिंगची पदवी आणि परिचर्या परिषदेची नोंदणी त्याच क्रमाने, माहेरच्या नावाने आहे. पासपोर्ट मात्र लग्नानंतर काढला, आणि त्यात 'गिव्हन नेम' या रकान्यात माझ्या नावापुढे यजमानांचे नाव आले. आपल्या दृष्टीने ते मधले नाव, ज्याचा कोणी दुसऱ्यांदा विचारही करत नाही. जर्मन कागदपत्रांत मात्र आडनावाच्या आधी जे जे येते ते त्या व्यक्तीचे स्वतःचे नाव मानले जाते. म्हणजे त्यांच्या लेखी एका बाईने लग्न करताना आपले एक पुरुषी नाव टाकून दुसरे पुरुषी नाव घेतले होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा माझे पहिले नाव बदलायचे नाही असा हट्ट मी धरला होता आणि त्यावरून सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तो हट्ट धरला नसता तर पत्र दोन पानी झाले असते.

या पत्रापर्यंतचा प्रवास तुलनेने सरळ होता, म्हणून थोडक्यात सांगते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ड्यूटी सांभाळून दीड वर्षात बी वनपर्यंत पोहोचले. लेखनाच्या विभागात एकदा नापास झाले, परंतु वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चारही विभाग स्वतंत्र धरले जात असल्याने तेवढाच पुन्हा दिला. नोकरी मी दलालामार्फत शोधली नाही. जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' या संकेतस्थळावरून आणि तेथील संघीय रोजगार संस्थेच्या नोकरी-सूचीतून पत्ते काढून रुग्णालयांना थेट अर्ज पाठवले. अकरा अर्जांना तीन उत्तरे आली, दोन मुलाखती झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एका रुग्णालयाने होकार दिला.

'व्हिसा स्पॉन्सरशिपसह जर्मनीत नोकरी' अशी जाहिरात दिसली की मी आता आधीच सावध होते, कारण ब्रिटनमध्ये मालकाला जसा प्रायोजकाचा परवाना लागतो तसा परवाना जर्मनीत नाही. तेथे व्हिसा मिळतो तो नोकरीचा करार, मालकाने भरून दिलेले नोकरीविषयीचे निवेदन आणि रोजगार संस्थेची संमती यांच्या आधारावर. मला आलेल्या एका नियुक्तिपत्रात भाषेची अट नसताना पहिल्या महिन्यापासून साडेचार हजार युरो पगार लिहिला होता. खऱ्या करारात पगार दोन होते : शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत साहाय्यकाचा आणि मान्यतेनंतर परिचारिकेचा. वृद्धांची आणि घरपोच परिचर्या करणाऱ्या संस्थांसाठी तेथे स्वतंत्र किमान वेतन ठरलेले आहे; रुग्णालयांना ते लागू नाही, पण अंदाज घेण्यासाठी उपयोगी पडते. जुलै २०२५ मध्ये ते साहाय्यकासाठी तासाला १६.१० युरो आणि प्रशिक्षित परिचारिकेसाठी २०.५० युरो झाले. करारातील महिन्याचा आकडा महिन्याच्या तासांनी भागून त्या वेळच्या दराशी ताडून पाहण्यास पाच मिनिटे लागतात. जर्मनीत व्यावसायिक संकेतस्थळावर 'इम्प्रेसुम' नावाचे, संस्थेची ओळख सांगणारे पान देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यातील नोंदणी क्रमांक घेऊन व्यापार नोंदवहीत संस्था शोधता येते, आणि ती नोंदवही २०२२ पासून विनामूल्य पाहता येते.

पैशाबद्दल एकच सांगते. पुण्यातील एका एजंटने माझ्याकडे साडेतीन लाख रुपये मागितले होते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरभरती करणाऱ्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. मी नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा "ताई, आम्ही कन्सल्टन्सी आहोत, एजंट नाही," असे उत्तर मिळाले. माझ्या बाबतीत जलद प्रक्रियेचे ४११ युरो शुल्कही रुग्णालयानेच भरले.

या जलद प्रक्रियेतच माझे घोडे अडले. मालक तेथील परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करतो आणि मान्यता कार्यालयाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, असे नियम सांगतो. हे दोन महिने कागदपत्रे परिपूर्ण झाल्यापासून मोजले जातात, हे मात्र मी ते पत्र येईपर्यंत नीट वाचले नव्हते. मधल्या नावाचा पुरावा मिळेपर्यंत माझा पहिला दिवसच उजाडणार नव्हता.

प्रथम मी विवाह नोंदणीचा दाखला शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन करून पाठवला. पाच आठवड्यांनी उत्तर आले की हा दाखला विवाह झाल्याचे सिद्ध करतो, नाव बदलल्याचे नव्हे. तेव्हा मी तो आयुष्यात पहिल्यांदा बारकाईने वाचला. त्यात वराचे नाव आहे, वधूचे माहेरचे नाव आहे, तारीख आणि ठिकाण आहे. विवाहानंतर वधू कोणत्या नावाने ओळखली जाईल याचा एक शब्दही नाही. आपण सगळ्या बँकांत आणि कार्यालयांत हा कागद नावबदलाचा पुरावा म्हणून देतो आणि तो स्वीकारला जातो, कारण घेणाऱ्यालाही लग्नानंतर काय होते ते ठाऊक असते. शिवाय भाषांतरकाराने देवनागरीतील आडनाव आपल्या पद्धतीने रोमन लिपीत उतरवल्याने ते पासपोर्टमधील स्पेलिंगशी जुळत नव्हते, आणि उत्तरात तीही हरकत होती. भाषांतरास देताना पासपोर्टची प्रत सोबत द्यावी आणि त्यातीलच स्पेलिंग वापरण्यास लेखी सांगावे, हे मला नंतर सुचले.

मग मी विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेले. गावाचे नाव लिहीत नाही. तेथे मी तीन वेळा गेले आणि प्रत्येक वेळी दोन रात्रपाळ्या मैत्रिणीच्या गळ्यात घातल्या. पहिल्या वेळी लिपिक म्हणाले, "मॅडम, दाखल्यात नवीन नावाचा रकानाच नाही, मी लिहू कुठे?" त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि त्यामुळेच मला अधिक राग आला. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितले की साहेबांकडून वेगळे पत्र मिळू शकेल, साहेब आज बैठकीला गेले आहेत, गुरुवारी या. गुरुवारी साहेब भेटले. त्यांनी जर्मन पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मी त्याचा अर्थ सांगितला, आणि ते शांतपणे म्हणाले की असे पत्र देण्याचा अधिकार आम्हाला नाही. हे वाक्य पहिल्या दिवशी ऐकले असते तर माझा सव्वा महिना वाचला असता. अधिकार नाही याचा राग नाही. अधिकार नाही हे सांगण्याचाही अधिकार नसल्यासारखे तीन फेऱ्यांपर्यंत थांबवले, त्याचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

तिसरा प्रयत्न प्रतिज्ञापत्राचा होता. माहेरचे नाव आणि सासरचे नाव या दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे, असे नोटरीसमोर लिहून दिले, त्याचे भाषांतर केले आणि पाठवले. अर्जदाराचे स्वतःचे निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे तीन ओळींचे उत्तर जुलैच्या अखेरीस आले. तोपर्यंत रुग्णालयाने माझ्या रुजू होण्याची तारीख एक जुलैवरून एक ऑक्टोबर केली होती. त्यांच्या मनुष्यबळ विभागातील बाई दर महिन्याला विचारपूस करीत, आणि प्रत्येक ईमेल उघडताना हा नकाराचाच असणार असे मला वाटे.

याच दिवसांत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ब्रिटनमधील केअर होममध्ये नोकरी देणाऱ्या एका माणसाचा फोन आला. प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र तयार आहे, भाषेची नवी परीक्षा नाही, पंचेचाळीस दिवसांत व्हिसा; एकूण सहा लाख, त्यापैकी पन्नास हजार आज. एरवी मी असा फोन अर्ध्या मिनिटात ठेवला असता. पण पाच महिने एका मधल्या नावापायी अडलेल्या माणसाला पंचेचाळीस दिवस हा शब्द फार गोड लागतो. त्याने सांगितलेल्या केअर होमचे नाव मी ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक प्रायोजकांच्या यादीत शोधले, आणि ते खरोखरच तेथे होते. मी बँकेच्या ॲपमध्ये त्याचे खाते 'बेनिफिशियरी' म्हणून जोडलेसुद्धा. नवीन खाते जोडल्यावर बँकेने काही तास थांबायला लावले, त्या वेळात मी सरकारी संकेतस्थळावरील पुढचे पान वाचले : केअर वर्करच्या जागांसाठी परदेशातून नवीन भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली होती. म्हणजे संस्था खरी, परवाना खरा, यादी खरी, आणि तरीही तो मला जी नोकरी विकत होता ती अस्तित्वातच असू शकत नव्हती. शिवाय प्रायोजकत्व प्रमाणपत्राचे शुल्क कामगाराकडून वसूल करण्यासही तेथे मनाई आहे. ही हकीकत मी यजमानांना दोन महिन्यांनी सांगितली.

राजपत्राचा मार्ग मला कोणत्याही अधिकाऱ्याने दाखवला नाही. प्रतिज्ञापत्राच्या प्रती काढताना झेरॉक्सवाल्या काकांनी सहज विचारले, "गॅझेट नाही केलं का तुम्ही?" तेव्हा मी ते कानाआड केले होते, नकार आल्यावर आठवले. महाराष्ट्र शासन राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करण्यासाठी शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यात जुने संपूर्ण नाव आणि नवे संपूर्ण नाव समोरासमोर छापून येते, आणि जर्मन कार्यालयाला नेमकी तीच एक ओळ हवी होती. अर्ज मी इंग्रजीत भरला, अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे, आणि पाठवण्यापूर्वी मैत्रिणीकडून मोठ्याने वाचून घेतला. ऑगस्टअखेर ती ओळ प्रसिद्ध झाली. सप्टेंबरमध्ये मान्यता कार्यालयाने कागदपत्रे परिपूर्ण असल्याचे कळवले, एका वाक्यात.

ज्यांचा पासपोर्ट अजून काढायचा आहे त्यांनी तो पदवीवरील नावानेच काढावा. लग्न झाले म्हणून पासपोर्टवर नाव बदलण्याची सक्ती नाही. आणखी एक, अपोस्टिलविषयी, म्हणजे कागदपत्र परदेशात खरे मानले जावे म्हणून आपले परराष्ट्र मंत्रालय लावते त्या शिक्क्याविषयी. 'आधी सगळ्याचे अपोस्टिल करा' असा सल्ला मला जवळजवळ प्रत्येकाने दिला होता. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत नोंदवली होती, म्हणजे या दोन देशांत तो करार लागू झाला नाही, आणि माझी नोकरी ज्या जर्मन राज्यात होती त्याच्या कागदपत्रांच्या यादीत अपोस्टिलचा उल्लेखही नव्हता. जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि मान्यतेचे काम राज्यांकडे आहे, म्हणून आपल्या नोकरीच्या जर्मन राज्याची यादी हातात येईपर्यंत यावर पैसे घालू नयेत. कराराची शेवटची पानेही वाचावीत. माझ्या पहिल्या मसुद्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास सर्व खर्च परत करण्याचे कलम होते. मी आक्षेप घेतल्यावर ती रक्कम दरमहा घटत जाईल अशी दुरुस्ती झाली. विचारल्याने नोकरी जाईल या भीतीने मी ते कलम दहा दिवस नुसतेच पाहत बसले होते.

नोव्हेंबरमध्ये निर्णय आला. जर्मन प्रशिक्षणात २,१०० तास अध्यापनाचे आणि २,५०० तास प्रात्यक्षिकाचे असतात. त्या तुलनेत माझ्या शिक्षणात वृद्धांच्या परिचर्येचे तास कमी पडले, म्हणून काही महिन्यांचे पूरक प्रशिक्षण सांगितले गेले. हे अपेक्षितच होते. व्हिसा डिसेंबरमध्ये मिळाला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही.

येथे आल्यावर पत्त्याची नोंदणी करण्यासाठी नगरपालिकेत गेले, तेव्हा राजपत्र, त्याचे भाषांतर, विवाहाचा दाखला आणि मार्चपासूनचा सगळा पत्रव्यवहार मी फायलीत क्रमाने लावून नेला होता. खिडकीतील बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि माझे जन्माचे आडनाव विचारले; त्यांच्या अर्जात त्यासाठी वेगळा रकाना असतोच. मी माहेरचे आडनाव सांगितले. त्यांनी ते टाइप केले, स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून पडदा माझ्याकडे वळवला, आणि पुढच्या माणसाचा क्रमांक पुकारला. फाईल मांडीवर तशीच बंद होती.