माळा काही रिकामा झाला नाही

माळा रिकामा करायचा म्हणून लेकराची जुनी सायकल, वॉकर अन् गोणीभर कपडे रिक्षात टाकून आज जाफर गेटच्या रविवार बाजारात गेले. जुन्या सामानवाल्या मामांनी चाक फिरवलं, चेन बोटानं दाबली, घंटी वाजवली अन् म्हणाले, "ताई, २०० देतो." २,२०० ला घेतलेली हो! बाजूची छोटी चाकं तर नवी कोरी, पोरानं आठ दिवसांतच काढायला लावली होती. घासाघीस करून ३५० वर आले.

वॉकर मात्र विकवेना. एक बाई १५० द्यायला तयार होत्या, कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायला बंदी आहे, जुना असला तरी. चाकांवर लेकरू पायरीपर्यंत कधी पोचतं, कळतच नाही. आमचंही उंबऱ्यावरून उलटलं होतं, हनुवटीवर टाक्याची खूण आहे अजून. हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग इथं आणला कशाला?" बरोबरच होतं त्यांचं.

गोणीतली झबली-टोपडी त्यांना देऊन टाकली. पैसे नको म्हटलं तर ऐकेनात, पदराची गाठ सोडून २० रुपये हातावर ठेवलेच. आमच्या लेकाचं पहिलं झबलंही नणंदेच्या पोराचंच होतं म्हणा.

निघता निघता एक मोठी सायकल दिसली. ९०० ला. ब्रेक लागत होते, सीट तेवढी फाटलेली. दारात ती अन् वॉकर बघून हे म्हणाले, "माळा रिकामा करायला गेली होतीस ना?"