फोर्ट कोची ते मट्टांचेरी : अडीच किलोमीटर, पायी

आम्ही दोघे शुक्रवारी दुपारी कोचीला पोहोचलो आणि पुढचे तीन दिवस वारांनी आमची पुरती फजिती केली. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते आणि रविवारी बाजारातील गोदामांना कुलपे असतात, या तिन्ही गोष्टी त्या त्या दाराशी जाऊन उभे राहिल्यावर आम्हाला कळल्या. त्यात भर म्हणून पहिल्याच दिवशी एका रिक्षावाल्याने ‘सगळे दाखवतो’ म्हणून फारच कमी भाड्यात आम्हाला बसवले आणि तासाभरात हस्तकलेच्या तीन दालनांच्या पायऱ्या चढायला लावल्या. भाडे इतके कमी का, याचे उत्तर दालनाच्या दाराशी त्याच्या हातात पडलेल्या दलालीच्या चिठ्ठीत होते. तेव्हा मागून येणाऱ्यांनी आधी वार पाहावा. ही शहरफेरी सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी करावी आणि त्या आठवड्यात ज्यूंचा सण किंवा केरळात हरताळ नाही ना, याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी.

सोमवारी सकाळी सात वाजता आमचा वाटाड्या आला. साठी उलटलेला हा गृहस्थ मट्टांचेरीतच वाढलेला होता आणि त्याचे वडील मिऱ्याच्या एका गोदामात कारकून होते. आमचे मराठी बोलणे कानावर पडताच त्याने इंग्रजी बाजूला ठेवले आणि कोकणीत सुरुवात केली. आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणू लागलो, तर म्हणाला की मला माम म्हणा. कोचीच्या कोकणीत मामाला माम म्हणतात. दिवसभर ते कोकणीत बोलत राहिले आणि आम्ही मराठीत. अडले ते फार थोड्या ठिकाणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबे कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली, ही हकीकत पुस्तकात वाचलेली होती. पण ‘उदाक’ म्हणून पाण्याची बाटली पुढे करणारा माणूस समोर असला की तिचे वजन वेगळेच जाणवते.

सुरुवात नेहमीच्या ठिकाणी, म्हणजे चिनी जाळ्यांपाशी झाली. सागवानी खांब आणि बांबू यांची ही अवाढव्य चौकट चार-पाच माणसे दोर ओढून वर-खाली करतात, आणि त्यांच्या मदतीला असतात मागच्या दोरांना लोंबणारे मोठाले दगड. जाळे वर येऊ लागले की दगड एकामागून एक खाली टेकत जातात आणि भार तोलला जातो. पाहायचे ते दगडांकडे, जाळ्याकडे नव्हे, असे मामांनी सांगितले आणि ते खरेच होते. शेजारच्या फळ्यांवर मांडलेली सगळीच मासळी या जाळ्यांतली नसते, हेही त्यांनी हळूच सांगितले. दोर ओढून पाहण्याचे आमंत्रण मिळाले, तर त्यापोटी पैसे द्यावे लागतात हे ध्यानात ठेवून मगच हात लावावा.

मग ‘फोर्ट कोचीत फोर्ट कुठे आहे?’ हा प्रश्न त्यांनीच विचारला. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये येथे किल्ला बांधला, १६६३ मध्ये तो डचांनी घेतला, १७९५ मध्ये इंग्रजांनी, आणि १८०६ मध्ये इंग्रजांनीच त्याची तटबंदी पाडली. त्यामुळे आज किल्ला उरला आहे तो बहुतांशी नावातच. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये आम्ही वीस मिनिटांहून अधिक थांबलो नाही. २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारलेल्या वास्को द गामाला येथे पुरले होते. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेले, थडग्याची शिळा मात्र राहिली. सगळे पर्यटक त्या शिळेभोवती दाटीवाटीने उभे असतात, म्हणून आम्ही छताला टांगलेले, बाहेरून दोरीने ओढायचे कापडी पंखे निवांत पाहून घेतले.

येथपर्यंतचे सारे कोणत्याही माहितीपत्रकात सापडेल. यानंतर सर्वसाधारण प्रवासी रिक्षा करून थेट मट्टांचेरीच्या राजवाड्याशी उतरतो, आणि नेमका हाच मधला तुकडा, म्हणजे कल्वत्तीवरून बाजार रोडने जाणारा सुमारे अडीच किलोमीटरचा रस्ता, त्याच्या हातून निसटतो. माझ्या मते जुने बंदर पाहायचे असेल, तर ते या रस्त्यावरच पाहायला मिळते. दोन टोकांना जे आहे ते बंदराच्या पैशातून उभे राहिलेले वैभव. बंदराचे काम चालत असे ते येथे.

या रस्त्यावरील गोदामांचा दर्शनी भाग जेमतेम दोन-तीन दारांचा असतो, आतली इमारत मात्र बोगद्यासारखी लांबत जाते. मामांच्या ओळखीने आम्हाला एका गोदामात शिरता आले. पुढे गल्ल्याची खोली, तिच्यामागे माल वाळवायचे उघडे अंगण, त्यामागे कौलारू कोठार आणि कोठाराचे मागचे दार उघडले की थेट खाडीचे पाणी. मसाल्याचा माल आतल्या भागांतून होड्यांनी खाडीमार्गे येत असे, म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याला पाण्याकडे एक दार लागे आणि रस्त्याकडे एक. ‘माल पाण्याकडून यायचा आणि पैसा रस्त्याकडून,’ एवढ्या एका वाक्यात मामांनी त्या वास्तूचा नकाशा उलगडून दाखवला. मुळात हे पाणीच कोचीचे भाग्य ठरले आहे. १३४१ च्या महापुरात पेरियार नदीच्या मुखाकडचे कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि कोचीचे मुख खुले झाले, असे मानतात. तोवर या गावाची फारशी कोणी दखल घेत नव्हते.

कोठारात मिऱ्याची पोती रचलेली होती. मामांनी न निवडलेल्या मिऱ्याची एक मूठ घेतली, तळहातावर पसरली आणि हलकेच फुंकर मारली. देठांचे तुकडे, कचरा आणि पोचट दाणे उडून गेले, भरलेले दाणे जागचे हलले नाहीत. त्यांचे वडील एवढ्यावर मालाचा अंदाज बांधत. त्यानंतर लिटरचे माप भरून वजन करायचे, कारण एक लिटर मिरे किती ग्रॅम भरते यावर भाव ठरतो आणि चांगल्या मलबारी मालाकडून ५५० ग्रॅमची अपेक्षा असते. मग चाळण्या येतात. सव्वाचार मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा आणि पावणेपाच मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा त्याहून टपोरा दाणा, हे दोन्ही ‘तेलिचेरी’ नावाने विकले जातात. ते नाव वाचून माल तेलिचेरी गावचाच असेल असे समजू नये, ती दाण्याची प्रत आहे. मिरे घेणाऱ्यांनी शक्य झाल्यास चिमूटभर दाणे पाण्यात टाकून पाहावेत. भेसळ म्हणून घातलेल्या पपईच्या बिया तरंगतात. थोडे हलके मिरेही तरंगते, तेव्हा वर आलेला दाणा दाताखाली धरावा, म्हणजे शंका राहत नाही. दर्शनी दुकानांतील रंगीत पुड्यांपेक्षा बाजार रोडवरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून अर्धा किलो सुटे मिरे घेणे केव्हाही बरे. तो कंटाळलेल्या चेहऱ्याने वजन करून देतो, पण देतो.

तेथून थोडे पुढे गेल्यावर मामांनी रस्त्यावर पडलेले सोड्याच्या बाटलीचे एक झाकण उचलले आणि काही न बोलता समोर भिरकावले. ते खणखणत गटाराच्या कडेला जाऊन थांबले. ‘यासाठी माणसे एकमेकांना तुडवत धावायची,’ ते म्हणाले. बंदरात त्या दिवसाचे काम ज्याला मिळायचे, त्याला धातूचा एक बिल्ला मिळे. त्याला ‘चाप्पा’ म्हणत. मुकादम हे बिल्ले जमलेल्या हमालांच्या गर्दीत फेकत असे आणि ज्याच्या हाती बिल्ला लागे, त्याचीच त्या दिवशी चूल पेटे. या पद्धतीविरुद्धच्या लढ्यात सप्टेंबर १९५३ मध्ये मट्टांचेरीत पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात कामगार मारले गेले. चर्चमधल्या शिळेपेक्षा ते झाकण माझ्या अधिक लक्षात राहिले आहे. या रस्त्यावर आजही डोक्यावर पोती वाहणारे हमाल आहेत. त्यांच्या वाटेत उभे राहून छायाचित्रे काढू नयेत आणि त्यांचे काढायचे झाल्यास आधी विचारावे.

व्यापार येथून सरकला तो टप्प्याटप्प्याने. १९२० नंतरच्या दोन दशकांत रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध कापला गेला आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट तयार झाले. मोठी जहाजे तेथे लागू लागली. पुढे २०११ मध्ये वल्लारपाडमचे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. जागेला मागणी राहिली नाही म्हणूनच जुनी गोदामे पाडली गेली नाहीत, हा त्यातला विरोधाभास आहे. २०१२ पासून भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनाने त्यांतील काही वास्तूंना नवा उपयोग दिला, तर काहींत उपाहारगृहे आली. सुंठीचा वास आणि कॉफीचा वास एकाच भिंतीच्या दोन बाजूंना येतो, हे मला खटकले. मामांना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही, कारण छप्पर गळेनासे झाले हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे.

गुजराती रोडवरच्या जैन मंदिरात दुपारी बाराच्या सुमारास कबुतरांना दाणे टाकतात. वाटेत वेळ जुळली तर पाहावे, मुद्दाम वाकडी वाट करू नये.

राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधून कोचीच्या राजाला दिला आणि नंतर डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून नाव पडले ते डच पॅलेस. बाहेरून वाडा साधाच आहे. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातील प्रसंग इतके दाटीने रंगवले आहेत की रिकामी जागा शोधावी लागते. छायाचित्रांना बंदी आहे आणि प्रकाश मंद आहे, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत एका भिंतीपाशी पाच मिनिटे स्वस्थ उभे राहावे. आमच्यासमोर एक मोठा गट दीड मिनिटात तेथून बाहेर पडला.

‘परदेशी’ नावाने ओळखले जाणारे हे सिनेगॉग १५६८ मधले आहे आणि राजवाड्याच्या आवारातील देवळाला अगदी लागून आहे, कारण ही जागाच राजाने दिली होती. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि ते बरेच आहे, कारण पायाखाली चीनमधून अठराव्या शतकात आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरशा आहेत. अगदी एकसारख्या दोन शोधून दाखवा, अशी पैज मामांनी लावली. आम्ही अर्थातच हरलो. या फरशा आणि बाहेरचा घड्याळाचा मनोरा यांमागे एझिकेल रहाबी या ज्यू व्यापाऱ्याचे औदार्य आहे. रहाबी हे आडनाव मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार, त्यांची ज्यू म्हणून ओळख पटवून त्यांना धर्माचार शिकवणारा होता डेव्हिड रहाबी, आणि तो कोचीचाच असावा, असे काही अभ्यासक मानतात. इस्रायलच्या स्थापनेनंतर येथील बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे गेली. गल्लीचे नाव मात्र अजूनही ज्यू टाऊनच आहे आणि तिच्यात आता काश्मिरी गालिचे व जुन्या वस्तूंची दुकाने आहेत.

‘जेवण जाल्लें वे?’ असे मामांनी विचारले, तेव्हा दीड वाजून गेला होता. जेवताना त्यांनी ‘होर्तुस मलाबारिकुस’चा विषय काढला. डच गव्हर्नर व्हान रेडे याने कोचीत राहून मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी भिषग्वरांनी त्याला साहाय्य केले आणि त्यांचे कोकणीतील निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. ‘आपली अक्षरे तेव्हाच युरोपात पोहोचली,’ असे म्हणताना त्यांनी ‘आपली’ या शब्दात आम्हालाही धरले होते.

आता थोडे व्यवहाराचे. वाटाड्या ठरवताना त्याचे ओळखपत्र पाहावे, तासांचे आणि दिवसाचे मानधन आधीच पक्के करावे, आणि ‘दुकान एकही नको, बाजार रोड पायी हवा’ हे पहिल्या बोलण्यातच सांगावे. त्यावर त्याचा चेहरा उतरला, तर दुसरा शोधावा. सकाळी सात-साडेसातला निघाल्यास गोदामे उघडत असताना बाजारात पोहोचता येते आणि दुपारची सुटी होण्यापूर्वी सिनेगॉग पाहून होते. उन्हापेक्षा दमटपणा अधिक थकवतो, म्हणून पाणी जवळ ठेवावे आणि सुती कपडे घालावेत. चेरलाई येथील सारस्वतांच्या तिरुमल देवस्थानात जायचे असल्यास पुरुषांना सदरा उतरवावा लागतो. त्या दृष्टीने उपरणे बरोबर असावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जूननंतर बाजार रोडवर पाणी साचते.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी एर्नाकुळम जंक्शनला उतरून रस्त्याने फोर्ट कोची गाठण्याऐवजी सरकारी बोट किंवा वॉटर मेट्रो घ्यावी. पूल आणि वाहतूक दोन्ही टळतात. परतीची बोट आम्ही संध्याकाळी साडेपाचला पकडली, तेव्हा कामावरून घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. बसायला जागा हवी असल्यास अर्धा तास आधीची घ्यावी. धक्का सोडल्यावर काही मिनिटे कल्वत्तीकडील गोदामांच्या मागच्या बाजू दिसतात. त्यांची पाण्याकडची दारे बहुतेक बंद होती. एका उघड्या दारात कोणीतरी पाय पाण्यात सोडून गळ टाकून बसले होते.