मार्थेची लगबग आणि मार्काचे सोळा अध्याय

लूकच्या शुभवर्तमानातला 10:38-42 हा भाग, अवघी पाच वचनं. मार्था काही वाईट करत नसते, घरी आलेल्या येशूसाठी राबत असते. तरी तोच तिला सांगतो, तू पुष्कळ गोष्टींची दगदग करतेस, गरज एकाच गोष्टीची आहे. आपल्या पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही तेच होतं. गायनमंडळाचा सराव, महिला संघाचा कार्यक्रम, वार्षिक सभा, नाताळचा तारा. सगळं प्रभूसाठीच, आणि त्यातच प्रभूपाशी बसायचं राहून जातं.

प्रभूपाशी बसायचं म्हणून रोज शास्त्र वाचायचं ठरवलंत, तर एक जानेवारीला उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सुरुवात करू नका. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून जास्त होतात. जानेवारी सरता सरता लेवीय हे तिसरं पुस्तक लागतं, होमार्पणांच्या नियमांत गाडी अडते, आणि मग वर्षभर अपराधी वाटत राहतं.

मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, रोज एक. सगळ्यात लांब चौदावा, 72 वचनांचा. मोठ्याने वाचा, म्हणजे डोळे नुसते ओळींवरून घसरत नाहीत. केडगावला पंडिता रमाबाईंनी शास्त्राचं मराठी भाषांतर केलं ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. तेव्हा घरातल्या आजीला कळेल अशाच भाषेतली प्रत निवडा. छापील हवी. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला राहू दे, नाहीतर वचन शोधता शोधता ग्रुपवरच्या गुलाबाच्या फुलांत सकाळ जाते.

वाचून झालं की एकच प्रश्न: येशू आज कोणासाठी थांबला? पाचवा अध्याय बघा. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे, बाप घाईत आहे, गर्दी रेटते आहे. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई मागून वस्त्राला शिवते. येशू थांबतो. तिला शोधतो, तिचं सगळं ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो, तरी तो पुढे जातोच. एकाच गोष्टीवर नजर ठेवायची म्हणजे घोड्याची झापडं लावायची असं नव्हे. स्वारगेटला बस चुकेल म्हणून धावताना कोणी पत्ता विचारला, कामवाल्या मावशी दारात रेंगाळल्या, तर तुमची ती बाई कदाचित तीच.

रात्री पाच मिनिटं पुरतात. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491-1556) याने शिकवलेली आत्मपरीक्षा पाच टप्प्यांची: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. कॅथलिक असली म्हणून काय झालं, प्रॉटेस्टंट घरातही बिनदिक्कत चालते. लोक घोटाळा करतात तो पहिल्याच टप्प्यात: आभार गाळून थेट चुका मोजायला बसतात, आणि आठवड्यात कंटाळतात. उजळणीत फक्त सकाळचा प्रश्न फिरवा: मी आज कोणासाठी थांबलो, कोणाला टाळलं? त्यातलं एक नाव उद्याच्या निश्चयात घ्या.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन अध्याय कोंबू नका. जिथे होता तिथूनच पुढे. सतराव्या दिवशी पुन्हा मार्क, पहिला अध्याय. पस्तिसाव्या वचनापाशी या वेळी जरा जास्त वेळ बसा: आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, आणि येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेलेला.