यात खरंच भागतं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा काम संपल्यावर येतो. एसी गार हवा सोडायला लागलेला असतो, समोरचा माणूस खूश असतो, आणि मग आवाज जरा खाली आणून तो विचारतो, "राग मानू नका, पण या कामात खरंच भागतं का?" कधी तोच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो: "चांगली नोकरी होती, मग सोडलीत कशाला?" आणि तिसरं रूप मला सगळ्यात जास्त लागतं: "आमच्या मुलाचं अभ्यासात लक्ष नाही हो, त्याला तुमच्याकडे पाठवू का?"

इतकी वर्षं मी "भागतं की" एवढंच म्हणून सामान आवरत आलोय. पण विचारणाऱ्यांतले बरेच जण मनापासून विचारत होते. त्यांना अर्ध्या उत्तरावर वाटेला लावणं मला आता पटत नाही.

तर, हो. नुसतं भागत नाही, चांगलं चालतं. एसी आणि कोल्ड रूमच्या, म्हणजे माल गार ठेवायच्या खोल्यांच्या कामावर माझं घर उभं राहिलं, माझ्याकडच्या पोरांचे पगार तारखेला होतात. हे ऐकून काहींना आश्चर्य वाटतं आणि काहींच्या चेहऱ्यावर संशय दिसतो, जणू हाताला काळं लागणाऱ्या माणसाकडे पैसा असेल तर तो कुठून तरी उपटलेलाच असणार. तो संशय मला दुखावतो, म्हणून आधी तेवढं सांगून टाकलं.

आता त्या मुलाबद्दल. ज्याचं अभ्यासात लक्ष नाही त्याने इकडे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीचं तापमान मोजायचं, गेजवर दिसणाऱ्या दाबाला तो गॅस किती अंशांना उकळतो ते पाहायचं, दोन्हींतला फरक काढायचा. याला सुपरहीट म्हणतात. त्या फरकावरून ठरवायचं की गॅस कमी पडलाय, कॉइल तुंबलीय की व्हॉल्व्ह अडकलाय. हे न करता नुसता हात लावून "गॅस गेलाय" सांगणारेही आहेत, पण ते निदान नव्हे. शिवाय शिकलेलं टिकत नाही. आर-२२ हा जुना गॅस मागे पडून आर-४१०ए आला तेव्हा दाब सुमारे १.६ पट झाला, जुने गेज आणि होज बाजूला ठेवावे लागले, तेलही बदललं. मग आर-३२ आला, तो थोडाफार पेट घेऊ शकतो. आर-२९० तर चक्क प्रोपेनच. ओझोनचा थर वाचवायला १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, २०१६ मध्ये किगालीत त्याला दुरुस्ती जोडली गेली, आणि त्या कागदांमुळे जगभरातल्या माझ्यासारख्यांच्या हत्यारांच्या पेट्या बदलल्या. शाळा सुटल्यावर मी जेवढं वाचलं तेवढं शाळेत असताना वाचलं नव्हतं.

आणि हे ज्ञान पैशाशी कसं जोडलेलं आहे ते बघा. लोक म्हणतात, "उन्हाळा आला, गॅस भरून द्या." बंद नळ्यांतून फिरणारा गॅस वापरून संपत नसतो. घरच्या फ्रीजमध्ये दरवर्षी कुणी गॅस भरत नाही, तरी तो वर्षानुवर्षं चालतो. एसीचा गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती शोधायची, नळीतून हलका नायट्रोजन सोडत सांधा ब्रेझ करायचा, म्हणजे टॉर्चच्या ज्योतीने रॉड वितळवून जोडायचा, नाहीतर तांब्याच्या आतल्या बाजूला काळी खपली धरते आणि पुढे तीच कुठेतरी जाऊन अडकते. मग दाब टाकून तपासायचं, मग पंपाने नळ्या रिकाम्या करत व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (हे दाबाचं माप) खाली नेऊन तिथे टिकतो का पाहायचं. बाहेरच्या हवेचा दाब साडेसात लाख मायक्रॉनच्या वर असतो, म्हणजे किती खाली न्यायचं ते लक्षात येईल. तेवढ्या पोकळीत नळीतलं पाणी साध्या तापमानाला उकळून निघून जातं. ते मागे राहिलं तर तेलाशी मिळून ॲसिड होतं आणि कंप्रेसरच्या वाइंडिंगला खातं. शेवटी गॅस वजन करून भरायचा. या सगळ्याला अर्धा दिवस जातो. नुसता गॅस मारायला वीस मिनिटं पुरतात, आणि तो मारणारा पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला जातो. मग शहाणा कोण? हा प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं पडायचा. गळती नीट बंद केली की पुढच्या वर्षीचं काम माझ्याच हाताने घालवतोय असं वाटायचं. गळती बंद झालेल्यांपैकी काहींनी मला आणखी दहा ठिकाणी नेलं, हे खरं. काही मात्र स्वस्तवाल्याकडे गेले ते गेलेच, आणि आजही त्याच्याकडेच जातात. प्रामाणिकपणाचं फळ मिळतंच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

नोकरी का सोडली, याचं उत्तर मी आजवर टाळत आलो. आता सांगतो.

एका ठेकेदाराकडे मी कामाला होतो. कोल्ड रूमचं काम होतं, मोठं. पाइपिंग संपलं होतं, सांधे तपासायला दाब टाकायचा होता. नायट्रोजनचा सिलेंडर आदल्या सांध्यांना आणि एका गळतीच्या शोधात संपला. दुसरा आणलेला नव्हता. शेठना फोन लावला. त्यांना दुसऱ्या दिवशी काम ताब्यात द्यायचं होतं. ते म्हणाले, "वेल्डिंगचा ऑक्सिजन आहे ना तिथे? त्याचंच प्रेशर टाका. प्रेशर ते प्रेशर." मी म्हणालो, नाही. कंप्रेसरमध्ये तेल असतं, नळ्यांना आतून तेलाचा हात लागलेला असतो. तेलावर दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन सोडला तर ठिणगीची गरजच नसते, दाबाने तापूनच ते पेट घेऊ शकतं, आणि बंद लोखंडी भांड्यात पेटलेलं तेल म्हणजे स्फोट. नायट्रोजन कशाशी पेटत नाही, म्हणून तो वापरायचा. या कामातला हा पहिला धडा आहे. शेठ वैतागले आणि म्हणाले, "मग जा, आणा कुठून आणायचा तो."

मी टेम्पो घेऊन निघालो. निघताना हेल्परला सांगितलं की मी येईपर्यंत कशालाही हात लावू नकोस. तो म्हणाला, "बरं दादा." त्याला टॉर्च धरायला मीच शिकवलं होतं. हात इतका हलका की सांध्यावर रॉड जास्त वितळायचाच नाही, बारीक गोल कड पडायची. मी रस्त्यात असताना शेठनी पुन्हा साईटवर फोन केला. मी नव्हतो, त्याने उचलला. काय बोलणं झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. शेठ म्हणाले होते, "तो घाबरट आहे. तुला जमतं ना? लाव." महिना भरायला थोडे दिवस होते, घरी आई आजारी होती, आणि फोनवर पगार देणारा माणूस होता. त्याने लावला.

मी परतलो तेव्हा फाटकाबाहेर माणसं उभी होती. कंप्रेसरची टाकी जोडावर फाटून उघडली होती आणि भिंतीवर तेलाचा काळा फराटा होता. त्याला तोवर नेलं होतं. जगला तो. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि एका कानाने ऐकू येईनासं झालं. दवाखान्यात मी बसून होतो तेव्हा शेठ आले आणि त्याच्या भावाला म्हणाले, "त्याने स्वतःच्या मनाने केलं हो, आम्ही कशाला सांगू असं?" मी तिथेच उभा राहून सांगितलं की मला काय सांगितलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. नंतर जबाबातही तेच सांगितलं, शब्द न बदलता. शेठनी सुरुवातीचं बिल भरलं, पुढचं नाही. मला त्यांनी काढलं नाही. मीच परत गेलो नाही.

तो पुन्हा या कामात आला नाही. स्वतःचं सुरू केल्यावर मी त्याला बोलावलं. टॉर्च धरू नकोस, हिशेब बघ, फोन घे म्हणालो. नको म्हणाला. नंतर आणखी एकदा विचारलं, तेव्हाही नकोच म्हणाला. मी त्याला समजावत बसलो नाही.

त्या दिवसांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासत होतो. दुसरा सिलेंडर साईटवर का नव्हता? शेठ दुष्ट होते म्हणून, असं म्हणणं मला सोपं गेलं असतं. पण ते काम त्यांनी एवढ्या कमी दरात घेतलं होतं की दुसऱ्या सिलेंडरला त्यात जागाच नव्हती, आणखी एक दिवस थांबायलाही नव्हती. तो दर लिहिला गेला तेव्हाच आमच्या साईटवर काय असेल आणि काय नसेल हे ठरलं होतं, आणि तो लिहिताना आमच्यापैकी कुणी तिथे नव्हतं. मला तो दर लिहिणारा व्हायचं होतं. नोकरी सोडण्याचं कारण हे. स्वतःचा मालक व्हायची हौस म्हणाल तर ती मला कधीच नव्हती.

म्हणून "एवढे कसे हो?" असं कुणी म्हटलं की माझा आवाज चढतो. चढू नये, पण चढतो. माझ्या दिवसातला निम्माच वेळ कुणाच्या तरी बिलात जातो. उरलेला रस्त्यात, सुटा भाग आणण्यात, कोटेशन लिहिण्यात आणि पैसे मागण्यात जातो. तोही वेळ त्या निम्म्यातूनच भरून निघायला हवा. सूट मागणाऱ्यांना मी एक हिशेब सांगतो: १०० ला आणलेल्या वस्तूवर २५ टक्के चढवले, १२५ झाले. त्यावर १० टक्के सूट दिली की साडेबारा गेले. तुम्हाला दहावा भाग कमी झाला, माझा नफा निम्मा झाला. हे पुष्कळ कारागिरांना माहीत नसतं. हातातलं काम अप्रतिम आणि वर्षाच्या शेवटी खिसा रिकामा, असे मी किती तरी पाहिले.

उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते आणि नंतरचे महिने ओस पडतात. ते सावरायला वर्षाचे देखभालीचे करार घ्यावे लागतात. ज्या गिऱ्हाइकाचं काम सगळ्यात मोठं, त्याचेच पैसे सगळ्यात उशिरा येतात. वहीत नफा दिसतो आणि पगाराच्या दिवशी हातात काही नसतं, हे मी भोगलंय. आता अर्धे पैसे आल्याशिवाय सामान आणत नाही, आणि असं म्हटल्यावर काहीजण फोन ठेवून देतात. शरीराचं म्हणाल तर गुडघे आणि पाठ यांचा हिशेब कुठल्याच कोटेशनमध्ये बसत नाही. गच्चीवर आउटडोअर युनिटपाशी उकिडवं बसून वर्षं काढलेल्या माणसाला ते कळतं. तो दरात धरायला हवा हे मला पटतं. कसा धरायचा, ते अजून जमलेलं नाही.

पंचविशीतला मी यावर भांडला असता. तो म्हणायचा, हातात कला असली की पैसा पाठीमागे येतो. त्या हेल्परच्या हातात माझ्यापेक्षा जास्त कला होती. कलेने मजुरी मिळते, चांगली राहणी दर ठरवता येण्याने मिळते, असं मी आज म्हणतो. पण तो पंचविशीतला लगेच विचारतो, कला नसती तर तुझा दर कुणी दिला असता? त्याचं ते बोलणं मला खोडता येत नाही.

हे आत्ता लिहायला बसलो त्याला एक ताजं कारण आहे. माझ्याकडचा एक मुलगा पुढच्या महिन्यात स्वतःचं सुरू करतोय. त्याने ठरवलेला दर माझ्या निम्म्यावर आहे. मी त्याला कागदावर सगळं मांडून दाखवलं: फिरण्याचा वेळ, नायट्रोजन, व्हॅक्यूम पंपाचं तेल, रिकामे महिने. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला हा दर मिळतो. मला नव्याला कोण देणार?" मी म्हणालो, कमी दरात एकदा ओळख झाली की तो दर वर नेता येत नाही, थोडी कळ काढ. त्यावर तो म्हणाला, "कळ काढायची म्हणजे घरात कुणाचा तरी पगार हवा."

त्याचं खरं आहे. माझी पहिली काही वर्षं मी कमी दराच्या कामांना नकार देऊ शकलो, कारण महिन्याच्या १ तारखेला बायकोचा पगार घरात यायचा. भाडं त्यातून गेलं, मुलीची फी त्यातून गेली. "यात भागतं का?" असं विचारणाऱ्या कुणालाही मी हे आजवर सांगितलं नव्हतं, आणि त्या मुलाच्या घरात असा पगार नाही.